मस्टर चोख, तरी नियमभंग: कामाचे तास नोंदवताना या चुका टाळा

पंचवीस जणांच्या मस्टरवर महिनाभर सगळ्यांची जेवणाची सुट्टी 1 ते 1:30 अशीच दिसली, तर मला पहिली शंका त्या मस्टरचीच येते. माणसं अशी वागत नाहीत. कुणी दहा मिनिटं उशिरा उठतं, कुणाला मशीन सोडून निघता येत नाही, कुणी एका हातात फोन धरूनच जेवतं. इतकी एकसारखी नोंद असेल, तर कुणीतरी रोस्टरच, म्हणजे शिफ्टचं ठरलेलं वेळापत्रकच, हजेरीत उतरवलेलं असतं किंवा सॉफ्टवेअर रोज अर्धा तास आपोआप कापत असतं.

ही आपोआप कपात सगळ्यात महागात पडते. सुट्टी मिळालीच नाही, तर त्या माणसाचा अर्ध्या तासाचा पगार जातो आणि सुट्टी न दिल्याचा नियमभंगही झाकला जातो. मी एका ठिकाणी हे पाहिलं आहे. गेटवरच्या गार्डची सुट्टी रोज 'घेतली' अशी लागत होती. गेटवरची व्हिजिटरची वही उघडली, तर 1:15 च्या नोंदी त्याच्याच अक्षरात. त्याच्या जागी उभं राहायला रिलिव्हरच नव्हता, मग सुट्टी मिळणार कुठून?

अमेरिकेच्या संघीय नियमांत याचा हिशोब स्पष्ट आहे. 5 ते 20 मिनिटांची छोटी विश्रांती कामाच्या वेळेतच धरायची. जेवणाची सुट्टी, साधारण 30 मिनिटं किंवा जास्त, पगारातून वगळायची तर माणूस कामातून पूर्ण मोकळा हवा. जेवता जेवता फोन घ्यावा लागत असेल तर ते कामच. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, ते आधी तपासा. पण 'मोकळा होता का?' हा प्रश्न कुठेही विचारावा असाच आहे. सुट्टीचं पंचिंग (मशीनवर जाण्या-येण्याची वेळ नोंदवणं) जमत नसेल, तर आउट-पंच करताना 'सुट्टी पूर्ण मिळाली का?' एवढं विचारून ठेवा. एकाच माणसाचं उत्तर सारखं 'नाही' येत असेल, तर त्याला समज देऊ नका. त्याच्या जागी कोण बसतं ते बघा.

दिवसाचे तास मोजले, मधलं अंतर राहिलं

समजा, दुसरी शिफ्ट 2 ते 10. काम रेंगाळलं, माणूस 10:40 ला सुटला आणि सकाळी 6 ला पहिल्या शिफ्टला हजर. दोन्ही दिवसांचे तास स्वतंत्र पाहिले तर फारसं काही खटकत नाही. मधलं अंतर मात्र 7 तास 20 मिनिटं. युरोपीय संघाचा 2003 चा कामाच्या वेळेचा निर्देश 24 तासांत सलग 11 तास विश्रांती मागतो (अपवाद आहेत, पण ते बदली विश्रांती देऊन). रोस्टरप्रमाणे माणूस रात्री 10 लाच सुटून सकाळी 6 ला आला असता, तरी अंतर 8 तासच भरतं. म्हणजे चूक उशिरा सुटण्याच्या आधीच झालेली आहे. आउट-पंच ते पुढचा इन-पंच हा कॉलम बहुतेक रिपोर्टमध्ये नसतोच. तो मागून घ्या.

रात्रपाळी आणि मिस पंच

मध्यरात्री तारीख बदलली की सॉफ्टवेअर गोंधळतं. रात्री 10 चा इन-पंच राहिला, तर सकाळी 6 चा आउट-पंच ते इन समजतं, आणि त्या रात्री 10 ला माणूस परत आला की त्याला आउट. झाले सोळा तास! सुपरवायझर मग 'हे चुकलंय' म्हणत सरळ आठ तास भरतो, आणि खरोखर डबल शिफ्ट केलेला माणूसही त्याच लाटेत आठावर येतो. शिफ्टची तारीख ती जिथे सुरू झाली तिथली धरा, आणि दुरुस्ती करण्याआधी त्या माणसाला विचारा.

पूर्णांक करण्याची सवय

7:53 ला आला, 8 धरले. 5:07 ला सुटला, 5 धरले. रोजची 14 मिनिटं, सहा दिवसांच्या आठवड्यात 1 तास 24 मिनिटं, आणि दर वेळी मालकाच्याच बाजूने. मिनिटं आहेत तशी ठेवा.

'ओव्हरटाइमला मंजुरी नव्हती' म्हणून तास खोडणं त्याच जातीचं. काम होऊ दिलं तर ते मोजावं लागतं. मंजुरीशिवाय थांबल्याबद्दल बोलायचं ते वेगळं बोला. रात्री साडेनऊला ग्रुपवर मागितलेली फाइलही यातच येते, आणि ती पाठवल्याची वेळ फोनमध्ये राहतेच.

दुरुस्ती झाली, खूण नाही

14 मे 2019 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने, स्पेनमधून आलेल्या प्रकरणात, रोजचे तास मोजण्यासाठी वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि सहज पाहता येईल अशी व्यवस्था मालकांना बंधनकारक करायला सांगितलं. आपल्याकडची बहुतेक मस्टर या शेवटच्या कसोटीवर नापास होतात: ज्याचे तास त्यालाच दिसत नाहीत. मूळ पंच पुसू नका. बदल कुणी, कधी, का केला हे शेजारी राहू द्या. आणि पेरोल बंद करण्याच्या दोन दिवस आधी प्रत्येकाला त्याचा उतारा पाठवा. पहिल्या महिन्यात तक्रारींचा ढीग येईल. तो वाचायला एक पूर्ण दिवस बाजूला काढून ठेवा.