लाकडी पेनावरचा गोंदाचा लेप तडकू नये म्हणून

लाकडी पेनाला चकाकी देण्यासाठी चढवलेला सुपरग्लूचा लेप तडकला की दोष बहुधा गोंदाला दिला जातो. परंतु सोलापूरच्या हवेत तडा बऱ्याचदा आधी लाकडाला जातो आणि मग वरचा काचेसारखा ठिसूळ थर त्याच्याबरोबर फाटतो. मी ऑगस्टमध्ये वखारीतून आणलेल्या बाभळीचे पेन त्याच आठवड्यात कातून पूर्ण केले होते. पुढच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर गेला आणि क्लिपच्या खालून, लाकडाच्या रेषेला धरून, केसाइतकी बारीक भेग सरळ खाली उतरली. लाकूड सुकताना आडव्या अंगाने आकसते, पेनाचे सुटे भाग बसवण्यासाठी लाकडाच्या भोकात चिकटवलेली पितळी नळी मात्र तशीच राहते, आणि मध्ये अडकलेल्या एक-दोन मिलिमीटर जाडीच्या लाकडाला फाटण्यावाचून मार्ग उरत नाही.

म्हणून लाकूड मापाने कापून, त्याला भोक पाडून मगच सावलीत सुकत ठेवावे, कारण भोकामुळे ते आतूनही सुकते. पत्र्यावर किंवा उन्हात ठेवू नये. घाईने सुकलेले लाकूड टोकांना फुटते. सोनाराकडे असतो तशा लहान काट्यावर दर आठवड्याला वजन करावे आणि ते उतरायचे थांबेपर्यंत कातायला घेऊ नये. पावसाळ्यात मात्र स्थिर वजनावरही विसंबू नये, कारण तेव्हा हवाच दमट असते. त्या दिवसांत तुकडे सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. सागवान आणि शिसव तेलकट असल्याने लेप देण्यापूर्वी अ‍ॅसिटोनने पुसून कोरडे होऊ द्यावे.

लेप देताना प्रथम पातळ गोंदाचे दोन-तीन हात लाकडात जिरू द्यावेत आणि नंतर मध्यम दाट गोंदाचे सहा-आठ पातळ हात द्यावेत. हा गोंद हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतो, त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याला वेळ लागतो आणि हात आपोआप अ‍ॅक्सिलरेटरच्या (गोंद झटपट घट्ट करणाऱ्या रसायनाच्या) फवाऱ्याकडे जातो. तो मोह टाळावा. जाड थरावर फवारा मारला की वरची साय क्षणात कडक होते, आत बुडबुडे अडकतात आणि काही दिवसांनी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. त्यापेक्षा प्रत्येक हातानंतर काही मिनिटे थांबलेले बरे. गोंद पसरवण्यासाठी टिश्यू पेपरच वापरावा. सोलापुरात टॉवेलच्या सुती चिंध्यांना तोटा नाही, परंतु सुती कापडावर हा गोंद भराभर तापतो, धूर सोडतो आणि बोट भाजू शकतो. खिडकी उघडी ठेवावी.

पॉलिश पेपर फिरवताना लेथचा वेग कमी ठेवावा आणि लेप हाताला गरम लागताच थांबावे. पेपर पाण्यात भिजवून घासायचे असेल तर दोन्ही टोकांना आधी पातळ गोंद लावून ती बंद करावीत. पाणी तिथूनच आत शिरते आणि टोकाशी लेप पांढरट होऊन सुटतो.

भेग केवळ टोकाशी, पेन जोडल्यानंतर लगेच आली असेल, तर लाकूड किंवा लेप यांना न तपासता नळीच्या आत पाहावे. तिथे सांडलेला गोंद राहिला असेल तर पेनाच्या टोकाचा धातूचा भाग आत दाबताना नळी फुगते आणि लाकूड उकलते. पॉलिश पेपरची सुरळी करून नळी आतून साफ करावी, धातूचा भाग सरळ रेषेत ठेवून हळूहळू दाबावा, आणि तो अडला तर जोर न लावता बाहेर काढून पुन्हा घासावे.