टिश्यू बॉक्सचं फुलांचं कव्हर विणताय? या चुका टाळा

क्रोशाने टिश्यू बॉक्सचं कव्हर विणताना सगळं लक्ष फुलांकडे जातं. बिघडतं मात्र ते तोंडाशी (टिश्यू बाहेर येतो त्या फटीशी) आणि कोपऱ्यांवर. एका हाताने ओढल्यावर टिश्यू न फाटता यावा आणि पुढचा वर उभा राहावा, हे आधी साधायला हवं.

बॉक्स सगळेच मोजतात, पण आपला हात घट्ट आहे की सैल हे पाहत नाहीत. म्हणून १० सेंमीचा चौकोन आधी विणा. समजा ४ प्लाय लोकर आणि साडेतीन मिमीची क्रोशाची सुई घेऊन त्याच्या एका ओळीत २० मुके खांब (वेढा न घेता घातलेले बुटके टाके) बसले, आणि बॉक्स आहे २२ × ११ × ६ सेंमी. मग तोंडासाठी ५२ साखळ्यांची कडी जोडा. जोडताना साखळी पिळली गेली नाही ना, ते पाहा. पीळ नंतर काढता येत नाही. कोपऱ्याचे ४ टाके रंगीत दोऱ्याने खुणा करून ठेवा: कोपरा, १ टाका, कोपरा, २३ टाके, आणि पुन्हा तसंच. दर फेरीत प्रत्येक कोपऱ्यात ३ मुके खांब, म्हणजे फेरीला ८ वाढतात. ९ फेऱ्यांनी १२४ होतात, म्हणजे ६२ सेंमी. बॉक्सचा घेर ६६, पण कव्हर थोडं ताणूनच बसायला हवं. मोजून ६६ केलं तर महिन्याभरात कोपरे लोंबतात.

इथून पुढे वाढवणं थांबवा. अनेकजणी सवयीने कोपऱ्यात ३ घालत राहतात आणि बाजूंना झालर येते. बाजूची पहिली फेरी टाक्याच्या वरच्या दोन धाग्यांपैकी फक्त मागच्या धाग्यातून विणा, म्हणजे कड नीट दुमडते. मग साधारण १२ फेऱ्या सरळ.

तोंडाची परीक्षा तिसऱ्या फेरीनंतरच घ्या. विणकाम बॉक्सवर ठेवून चार-पाच टिश्यू ओढा. फाटत असतील तर तेव्हाच उसवून ६-८ साखळ्या वाढवा आणि वरची एक फेरी कमी करा. पूर्ण झाल्यावर सुरुवातीची साखळी उसवता येत नाही. टिश्यू आत पडत असतील तर सोपं आहे: ३ मिमीच्या सुईने तोंडाभोवती स्लिप टाक्यांची (धागा थेट फासातून ओढून घातलेल्या, उंची नसलेल्या टाक्यांची) एक फेरी घाला.

आता फुलं. नागपुरात संत्र्याची पांढरी फुलं करायचा मोह होणारच, आणि ती शोभतातही. मॅजिक रिंगमध्ये (टोक ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात) १० मुके खांब, मग दोन-दोन टाक्यांत एक पाकळी: पहिल्यात स्लिप टाका, २ साखळ्या, २ खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके), दुसऱ्यात २ खांब, २ साखळ्या, स्लिप टाका. मधे पिवळ्या दोऱ्याच्या गाठी. पाकळी आत वळत असेल तर तुमच्या साखळ्या घट्ट आहेत; २ ऐवजी ३ घाला. रिंगचं टोक १५ सेंमी तरी सोडा आणि दोन्ही दिशांनी ओवा, नाहीतर धुतल्यावर फुलाच्या मधोमध भोक पडतं.

कव्हर बॉक्सवर चढवूनच त्यावर फुलं शिवा, तोंडापासून २ सेंमी लांब. फूल नुसतं मधे शिवलं तर पाकळ्या लोंबतात. पाकळ्यांच्या बुडाशीही टाके घाला, टोकं मोकळी ठेवा. हॉट ग्लू नकोच. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत हे कव्हर ठेवलं, की तो मऊ होतो आणि फुलं घसरतात.

केशरी किंवा लाल सुती दोऱ्यावर पांढरी फुलं लावणार असाल, तर दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडात दाबून पाहा. डाग पडला तर दोरा आधी धुऊन घ्या. नागपूरच्या इतवारी बाजारात लोकर घेताना लेबलवरचा डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) जुळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका. ते वितळतं किंवा कायमचं ढिलं पडतं. ओलं करून बॉक्सच्या मापाच्या पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून सावलीत वाळवा, पुठ्ठ्याला आधी प्लास्टिक गुंडाळून.

टिश्यूबरोबर अख्खा बॉक्सच वर उचलला जात असेल, तर खालून दोन पट्ट्या आणि बटणं लावा. इलॅस्टिक हळूहळू सैल पडतं, बटणाचं तसं होत नाही.