मनाली–लेह सायकलने: निवांत रस्त्यावरच्या या चुका टाळा

3 ऑक्टोबर 2020 रोजी रोहतांग खिंडीखालच्या अटल बोगद्याचं उद्घाटन झालं आणि सायकलवाल्यांची चांदी झाली. लेहकडे जाणारी बहुतेक रहदारी आता 9.02 किलोमीटरच्या बोगद्यातून थेट लाहौलमध्ये उतरते. जुन्या रोहतांग रस्त्यावर उरतात ते बर्फ बघायला आलेले पर्यटक, आणि तेही माथ्यावर फोटो काढून मागे फिरतात. माथ्यापलीकडचा ग्राम्फू-कोकसरचा उतार बराच वेळ आपल्या एकट्याचा असतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर रोहतांगला जाणाऱ्या पर्यटक गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आली आहे. त्यात मंगळवारी देखभालीसाठी परवाने बंद असतात. तुमचा चढाईचा दिवस मंगळवारी येतोय का बघा. मात्र त्या दिवशी सायकली सोडताहेत ना, हे आदल्या दिवशी मनालीत विचारून घ्या.

रस्ता निवांत असतो म्हणजे तिथे हात दाखवून थांबवायला गाडी नसते, चहाची टपरी नसते आणि पंक्चरवालाही नसतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

किलोमीटर मोजून बेत आखणं

आपल्याकडे राईडचा हिशेब सरळ असतो: किती किलोमीटर, किती चढ. ‘सिंहगड करतो, खंबाटकी करतो, रोज ऐंशी किलोमीटर सहज जाईल,’ असं म्हणत लोक वेळापत्रक आखतात. कागदावर ते बरोबरही दिसतं, कारण हिमालयातला हा हमरस्ता ट्रकांसाठी बांधलेला आहे. सिंहगडासारखे उभे चढ त्यावर क्वचितच लागतात. गाटा लूप्सची 21 वळणं फोटोत भयंकर दिसतात. प्रत्यक्षात तो साडेचारशे मीटरच्या आसपासचा रमतगमत चढ आहे, पायांना जड न जाणारा.

दमवते ती उंची. महाराष्ट्रातलं सर्वात उंच टोक कळसूबाई, 1646 मीटर. मनालीच 2050 वर आहे. तंगलंग ला (‘ला’ म्हणजे खिंड) 5300 मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. ती सवय सह्याद्रीत कितीही घाट केले तरी लागत नाही.

म्हणून वहीत ‘आज किती किलोमीटर’ हा रकाना नंतर भरा. आधी ‘रात्री कुठे, किती मीटरवर’ हा भरा. गिर्यारोहणात रूढ असलेला नियम साधा आहे: 3000 मीटरच्या वर गेलात की झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर वाढवायचा. दिवसा त्याहून वर जाऊन आलात तर चालतं. रात्र खाली काढा.

सर्वात जास्त घोळ होतो तो जिस्पा ते सरचू या टप्प्यात. जिस्पा 3200 मीटरवर, सरचू 4290 च्या आसपास, मध्ये 4890 मीटरचा बारालाचा ला. ताकदीचा सायकलस्वार हे एका दिवसात मारतो. मग रात्री तंबूत डोकं ठणकतं, उलट्या होतात, झोप लागत नाही. पटसेऊला एक मुक्काम घाला. दुपारी एकलाच पोचून बसाल, कंटाळाही येईल. येऊ दे.

बोगद्यातून रोहतांग ‘वाचवणं’

सुट्टी कमी असली की पहिली कात्री रोहतांगला लागते: सायकल टेंपोत टाकायची, बोगद्यातून सिस्सूला उतरायचं आणि तिथून सुरुवात करायची. एक दिवस वाचतो खरा, पण शरीराला मिळणारी सर्वात चांगली सवय जाते. मनालीपासून रोहतांग 51 किलोमीटर. मढीला सव्वातीन हजार मीटरच्या वर एक रात्र, दुसऱ्या दिवशी 3978 मीटरचा माथा, आणि संध्याकाळी पुन्हा खाली कोकसर-सिस्सूत मुक्काम. यापेक्षा बरी सवय या रस्त्यावर दुसरीकडे मिळत नाही. सुट्टी कमी असेल तर शेवटचे उपशी-लेह किलोमीटर गाडीने करा, त्यात तसंही फारसं काही हुकत नाही.

विमानाने थेट लेहला उतरून दुसऱ्या दिवशी खारदुंग ला गाठणारे वेगळेच. माथ्यावरच्या जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असलं तरी मोजणीत तो 5359 मीटर, म्हणजे साधारण 17,580 फूट भरतो. मात्र लेहच 3500 वर आहे, त्यामुळे तेवढ्यावरही अंगलट यायला पुरेसं आहे. लेहमध्ये पहिले दोन दिवस सायकलला हात न लावणं उत्तम.

‘त्रास झाला तर खाली उतरू’

हा सल्ला एरवी बरोबर आहे. पांगला तो लागू पडत नाही. पांग सुमारे 4600 मीटरवर आहे. तिथून लेहकडे निघालात तर तंगलंग ला ओलांडावा लागतो, मनालीकडे मागे फिरलात तर 5059 मीटरचा लाचुलुंग ला. खाली उतरायची वाट दोन्हीकडे आधी वर चढते. म्हणजे उतरायचं की नाही हा निर्णय पांगला नाही, सरचूला घ्यायचा असतो. सरचूच्या सकाळी डोकेदुखी गोळीने जात नसेल, जेवण नको वाटत असेल, तर पुढे जाऊ नका. एक दिवस तिथेच थांबा. तरीही वाढलं तर मिळेल त्या गाडीने खाली जिस्पा-केलांगला या.

बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली तर वाट बघत बसायचं नाही. पांगला लष्कराचा तळ आहे, तिथे मदत मागा आणि गाडीने उंची कमी करा. अशा माणसाला ‘उतारच तर आहे’ म्हणून सायकलवर बसवू नका, तोल जाणं हेच तर उंचीच्या आजाराचं लक्षण आहे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधीच सांगा. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळायची मुभा मिळत नाही.

सरचू ते पांग एका दिवसात करायचा मोह आवरा. मध्ये नकी ला आणि लाचुलुंग ला असे दोन माथे आहेत. दोन्हींच्या मधल्या व्हिस्की नाल्याला सीझनमध्ये तंबू असतात, पण तीही रात्र उंचावरचीच. सरचूला अंग पूर्ण ठीक असेल तरच तिथे राहायचा विचार करा.

दुपारवर भरवसा ठेवणं

घाटातल्या पुण्या-मुंबईच्या सवयीने आपण पहाटे निघतो ते ऊन टाळायला. इथे लवकर निघायचं ते पाण्यासाठी. नाले बर्फाच्या वितळण्यावर चालतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला मांडीपर्यंत येतं आणि खालचे गोटे दिसेनासे होतात. ग्राम्फूहून स्पितीच्या कुंझुम ला कडे, सुमारे 4550 मीटरवर, जाणाऱ्यांनी तर हे डोक्यात पक्कं ठेवावं. छतरू ते बातल हा पट्टा निवांतपणात मनाली–लेहच्याही वरचढ, पण नाल्यांच्या बाबतीत तितकाच बेभरवशाचा. नाला ओलांडताना सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरा, म्हणजे तोल गेला तर ती अंगावर येत नाही. बूट काढू नका, अनवाणी पाय गोट्यांवर घसरतो. पॅनिअर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या) भरलेले असतील तर दोन फेऱ्या करा.

लवकर म्हणजे अंधारात मात्र नाही. रस्त्यावरून वाहिलेलं पाणी रात्री गोठतं आणि सावलीतल्या वळणावर डांबर आणि बर्फ यातला फरक दिसत नाही. उताराचा भाग असेल तर ऊन रस्त्यावर येईपर्यंत चहा घ्या.

मोरे मैदानाचे चाळीसेक किलोमीटर सपाट दिसतात म्हणून लोक ते दुपारवर ढकलतात. दुपारी तिथे समोरून वारा सुटला की सपाटीवरही सर्वात हलका गिअर लागतो. पांगचा चढ आणि मैदान सकाळीच उरका.

सायकलीच्या चुका

25 मिलिमीटरचे टायर असलेली रोडबाइक घरीच राहू द्या. 38 ते 45 चे टायर आणि पुढच्या दात्यांइतके किंवा त्याहून जास्त दात मागे असलेला एक तरी गिअर, एवढं हवंच. रिम ब्रेक असेल तर लांब उतारावर सतत दाबून धरू नका. रिम तापून ट्यूब फुटते. सोडा, दाबा, सोडा. डिस्कवाल्यांनी आपल्याच मॉडेलचे पॅड दोन जोड न्यावेत. ओल्या वाळूत ते वाटतं त्याहून फार लवकर संपतात.

आणि डिरेलर हँगर! गिअर बदलणारा मागचा डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा हा ॲल्युमिनियमचा अंगठ्याएवढा तुकडा प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. जीपच्या टपावरून सायकल उजव्या बाजूवर पडली की तो वाकतो, आणि सरळ करायला गेलात की तुटतो. तुमच्या फ्रेमचा नेमका हँगर लेहमध्येही मिळेल याची खात्री नाही, म्हणून एक जादा घरूनच न्या. दुकानातून घेताना जुन्यावर ठेवून भोकं जुळतात का बघा, ‘सेमच आहे’ यावर विश्वास ठेवू नका.

पंक्चरचा पॅच थंडीत धरत नसेल तर ट्यूब थोडा वेळ जॅकेटच्या आत धरून गरम करा आणि सोल्युशन पूर्ण सुकू द्या. छोट्या पंपाला इथे घरच्यापेक्षा बरेच जास्त झटके मारावे लागतात. हवाच विरळ आहे, पंप बिघडलेला नसतो.

आणि थोडं किरकोळ

बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. तरी जिस्पा सोडल्यावर उपशीपर्यंत फोन लागेल असं धरू नका, घरी तसं सांगून निघा. माथ्यावर पोचल्यावर नाही, पोचायच्या आधीच विंडचीटर हाताशी काढून ठेवा. घामाने भिजलेला टीशर्ट उतारावर पाच मिनिटांत गारठवतो. भूक मरते, त्यामुळे मॅगी आणि राजमा-चावलशिवाय स्वतःला आवडणारं काहीतरी जवळ असू द्या. चिक्की टिकते, चॉकलेट दगड होतं. सप्टेंबर सर्वात सुंदर महिना आहे, पण महिना संपत आला की तंबूवाले एकेक करून खाली उतरतात. उशिरा निघत असाल तर पुढचा ढाबा उघडा आहे का, हे समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला विचारत चला.

सायकल रेल्वे पार्सलने पाठवणार असाल तर ती तुमच्याच गाडीतून येईल अशी आशा ठेवू नका. चार-पाच दिवस आधी चंदीगडला पाठवा. खोक्यावर नाव, फोन आणि उतरण्याचं स्टेशन तीन बाजूंनी मोठ्या अक्षरांत लिहा, आणि हँगर त्या खोक्यात नाही, स्वतःच्या सॅकमध्ये ठेवा.