खरीप पिकांची ड्रोनने पाहणी: फोन आणि रिमोट जोडणारी केबल आधी तपासावी

श्रावणात पावसाने उघडीप दिल्यावर सोयाबीन आणि कपाशीत पाणी कोठे तुंबले आहे, पीक कोणत्या पट्ट्यात पिवळे पडत आहे, हे ड्रोनने पाहण्यासाठी मिळणारा अवधी थोडा असतो. ज्या लहान ड्रोनच्या रिमोटला स्वतःचा पडदा नाही, त्यांचे चित्र फोनवरच दिसते. त्यामुळे शेतावर निघण्यापूर्वी, मोटर सुरू न करता, घरीच फोन जोडून ॲपमध्ये चित्र येते का, हे पाहावे.

चित्र आले नाही तर प्रथम केबलवर संशय घ्यावा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, त्यांपैकी दोन वीज नेतात आणि दोन माहिती. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच. अशा केबलने फोन चार्ज होत राहतो, पण ॲपला ड्रोन सापडत नाही. म्हणून फोन चार्ज होतो एवढ्यावरून केबल योग्य आहे असे समजू नये.

डीजेआय या चिनी कंपनीच्या मिनी २ सारख्या ड्रोनसोबत येणाऱ्या आरसी-एन१ रिमोटचे उदाहरण घेऊ. त्याच्या खालच्या बाजूचे टाइप-सी छिद्र चार्जिंगसाठी आहे आणि पुष्कळ जण फोन नेमका तेथेच जोडतात. फोनची आखूड केबल वरच्या बाजूला, फोन धरणाऱ्या पकडीजवळ असते. केबलच्या ज्या टोकावर रिमोटचे चिन्ह नाही, ते टोक फोनमध्ये घालावे. अँड्रॉइड फोनवर यूएसबीविषयी विचारणा झाल्यास ‘फक्त चार्जिंग’ हा पर्याय निवडावा. हे उलटे वाटेल, पण या रिमोटच्या बाबतीत उत्पादकाची सूचना तशीच आहे आणि दुसरा पर्याय निवडल्यास जोडणी फसू शकते. टाइप-सी, मायक्रो यूएसबी आणि लाइटनिंग अशा तीन पिनांच्या केबल या रिमोटसाठी मिळतात. आयफोन १४ पर्यंत लाइटनिंग पिन लागते, तर २०२३ मधील आयफोन १५ पासून टाइप-सी. घरात नवा फोन आला की केबलही बदलावी लागू शकते. तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. त्यामुळे वापरलेला ड्रोन विकत घेत असल्यास त्याच्या सर्व केबल मागून घ्याव्यात.

जाड कव्हरमुळे पिन पूर्ण आत बसत नाही, तेव्हा ते काढून ठेवावे. छिद्र ओले झाले असल्यास ते पूर्ण सुकू द्यावे, त्यात सुई घालू नये.

उड्डाण चालू असताना केबल निसटली, तर पडद्यावरील चित्र जाते, पण ड्रोनवरील ताबा जात नाही, कारण त्याचा संपर्क फोनशी नसून रिमोटशी असतो. अशा वेळी घाईने केबल ओढू नये; ड्रोन नजरेत ठेवून रिमोटवरील परतीचे बटण दाबून धरावे. मात्र परतीची उंची आसपासची झाडे आणि विजेच्या तारा यांच्यापेक्षा जास्त, तरीही ग्रीन झोनमधील (पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन उडवता येणाऱ्या क्षेत्रातील) ४०० फुटांच्या मर्यादेत, उड्डाणापूर्वीच ठरवलेली असावी.