फ्लोरेन्स दोन दिवसांत: आधी वार बघा, मग घुमटाची वेळ

फ्लोरेन्सला जायचं ठरलं की सगळ्यात आधी वार बघा. उफिझी आणि अकादेमिया ही कलासंग्रहालयं आणि पिट्टी राजवाडा सोमवारी बंद. रविवारी कॅथेड्रलच्या (शहराच्या मुख्य चर्चच्या) आत पर्यटकांना सोडत नाहीत. म्हणजे रविवार-सोमवार धरून गेलात तर निम्मं शहर बाहेरूनच बघून परतायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात आणि नेमकी म्हणूनच अख्खी सकाळ रांगेत जाते. मंगळवार ते गुरुवार यातले सलग दोन दिवस उत्तम.

वार पक्का झाला की कॅथेड्रलच्या घुमटाची वेळ. ब्रुनेलेस्की पास घेतलात तर घुमट, जोत्तोचा घंटामनोरा, बाप्तिस्त्री (बाप्तिस्मा देण्याची वेगळी इमारत) आणि कॅथेड्रलचं संग्रहालय तीन दिवसांत बघता येतं, पण घुमटावर चढायची वेळ पास काढतानाच निवडावी लागते. पोचायच्या दिवसाची वेळ चुकूनही घेऊ नका. गाडीला उशीर झाला तर ती वेळ पुढे ढकलून मिळत नाही. पायऱ्या 463, लिफ्ट नाही, आणि अर्ध्यावरून परत फिरणं अवघड, कारण मागून लोक चढत असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी किंवा कोंदट जागेत घाबरणाऱ्यांनी खालच्या वास्तूंचा गिबेर्ती पास घ्यावा. मोठी सॅक वर नेता येत नाही, ती सामानघरात ठेवण्यासाठी पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात पिशवीत एक ओढणी असू द्या.

चढताना वाटेत थांबण्यासारखी जागा एकच: घुमटाच्या आतल्या कडेची गॅलरी. खालून ठिपक्यांएवढे दिसणारे भित्तिचित्रातले राक्षस इथे माणसापेक्षा मोठे होतात. तिथून पुढचा जिना घुमटाच्या दोन कवचांमधून जातो आणि भिंत अंगावर कलायला लागते. तिथे विटांची रचना नीट बघा. आडव्या थरांत मधूनमधून उभ्या विटा घालून माशाच्या काट्यासारखी वीण केली आहे. ओला थर घसरू नये म्हणून ही युक्ती. त्यामुळेच 1420 ते 1436 या काळात जमिनीपासून लाकडी आधार न उभारता घुमट पुरा झाला.

उफिझीसाठी सकाळी 8:15चं पहिलं आरक्षण घ्या. आत शिरल्यावर थेट दुसऱ्या मजल्यावर चित्रकार बोत्तिचेल्लीच्या दालनात जा. दहानंतर तिथे टूर ग्रुप येतात. तीन तास पुरतात. अकादेमियाला तासभर पुष्कळ, कारण लोक मुख्यतः मायकेलएंजेलोच्या डेव्हिड या पुतळ्यासाठी येतात. सिन्योरिया चौकातला डेव्हिड प्रतिकृती आहे, मूळ पुतळा 1873मध्येच आत हलवला. बाप्तिस्त्रीच्या बाहेरचे सोनेरी दरवाजेही प्रतिकृतीच; अस्सल दरवाजे कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहेत. पास हातात असूनही बरेच जण ते संग्रहालय वगळतात, हे आमच्या मते मोठं नुकसान.

रोमहून वेगवान गाडीने दीड तास लागतो. तिकिटावर ‘फिरेंझे एस. एम. एन.’ (फ्लोरेन्सचं मुख्य स्थानक, सांता मारिया नोव्हेल्ला) लिहिलंय ना ते बघा. काही गाड्या काम्पो दी मार्ते स्थानकावर थांबतात आणि तिथून गावात यायला दुसरी गाडी धरावी लागते. लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्या, नाहीतर दंड. भाड्याची गाडी जुन्या गावात आणूच नका. तिथे परवान्याविना येणाऱ्यांवर कॅमेरे असतात आणि दंडाचं पत्र महिन्यांनी घरी येतं.

शाकाहारींसाठी रिबोल्लिता: शिळा पाव, पांढरे घेवडे आणि काळसर कोबीची पानं घालून केलेलं दाट सूप. मटणाचं किंवा चिकनचं पाणी घातलंय का ते विचारून घ्या. इथल्या पावात मीठ नसतं, तो बिघडलेला नाही. हातगाड्यांवर मिळणारं लाम्प्रेदोत्तो म्हणजे गाईच्या पोटाचा भाग, तेव्हा नाव लक्षात ठेवा. बिलातला ‘कोपेर्तो’ हा माणशी बैठकीचा आकार असतो, फसवणूक नव्हे.

दुसऱ्या दुपारी वेळ उरला तर काशिने पार्क. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये वारले, जेमतेम वीस वर्षांचे असताना. याच पार्कच्या टोकाशी, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे 1874मध्ये छत्री उभारली, आत त्यांचा अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलाचं नावच ‘इंदियानो’, म्हणजे ‘भारतीय माणसाचा’ पूल. टी-1 ट्रामने काशिने थांब्यावर उतरा आणि नदीकाठाने पश्चिमेकडे पार्कच्या टोकापर्यंत चालत जा. एका बाजूला पाऊण तास धरा, पाण्याची बाटली भरून न्या, आणि अंधार पडायच्या आत ट्रामपाशी परत या. पार्कचं ते टोक संध्याकाळी ओस पडतं.