ब्लॉगला वाचक मिळवून देणारे समाजमाध्यम कसे निवडावे

कोणत्या माध्यमावर सर्वाधिक माणसे आहेत, हे पाहून बहुतेक लेखक आपले माध्यम निवडतात. ब्लॉग लिहिणाऱ्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन आहेत. त्या माध्यमावरून आपल्या लेखापर्यंत वाचकाला किती सहज येता येते, आणि एकदा आलेला वाचक पुढच्या लेखासाठी परत येतो का? मी सह्याद्रीतल्या किल्ल्यांविषयी मराठीत लिहितो, त्यामुळे पुढची उदाहरणे त्याच विषयातली आहेत.

तुलनेला बसण्यापूर्वी लेखाचा पत्ता नीट करून घ्यावा. वर्डप्रेस या ब्लॉगसेवेवर पत्ता देवनागरीत ठेवला, तर तो कॉपी करून चिकटवताना बऱ्याचदा प्रत्येक अक्षराच्या आणि प्रत्येक मात्रेच्या जागी टक्क्याच्या चिन्हांसह नऊ-नऊ रोमन चिन्हे उमटतात, आणि अशी चार ओळींची लिंक पाहून अनोळखी माणूस ती उघडायला कचरतो. गूगलच्या ‘ब्लॉगर’ या सेवेवर याच्या उलट घडते: शीर्षक संपूर्ण देवनागरीत असेल, तर पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा एवढेच उरते. दोन्हीकडे लेख प्रसिद्ध करण्यापूर्वीच रोमन लिपीत छोटा पत्ता लिहावा. लिंकसोबत दिसणारे चित्र आडवे, साधारण 1200 बाय 630 पिक्सेलचे ठेवावे.

मराठी ब्लॉगसाठी मी व्हॉट्सॲपला पहिले स्थान देतो. तिथे लिंक थेट उघडते आणि ती बहुधा ओळखीच्या माणसाकडून आलेली असते, म्हणून विश्वासाने उघडली जाते. मात्र तिथल्या सोयींमधला फरक समजून घ्यायला हवा. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला आहे, त्यामुळे ती जुन्या, पक्क्या वाचकांसाठी ठीक आहे. भारतात 2023 च्या सप्टेंबरमध्ये आलेले चॅनेल नव्या वाचकांसाठी अधिक सोयीचे आहे, कारण तिथे वाचकांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत आणि वाचणाऱ्याला समूहातल्या गप्पांचा त्रासही होत नाही.

इथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाटेवरचा माझा संपूर्ण लेख मी एकदा एका समूहात जसाच्या तसा टाकला होता. काही आठवड्यांनी तो मलाच दुसऱ्या समूहातून परत आला. मजकूर शब्दशः माझा, पण नाव गायब. मला त्याचे मनापासून वाईट वाटले. तेव्हापासून मी सुरुवातीचे दोन परिच्छेद आणि लिंक एवढेच पाठवतो, आणि त्यातल्याच एका वाक्यात ब्लॉगचे नाव गुंफतो, म्हणजे ते सहजासहजी गळत नाही.

फेसबुकवर स्वतःचे पान काढण्यापेक्षा आपल्या विषयाच्या समूहांत वावरणे अधिक फलदायी ठरते. 2018 च्या जानेवारीत फेसबुकने पानांपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले, आणि नव्या पानाला अनुयायी मिळवणे तेव्हापासून कठीणच आहे. समूहात मात्र कोणी तरी विचारत असते की पावसाळ्यात खिरेश्वरहून तोलारखिंडीची वाट कशी असते. त्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर तिथेच द्यावे आणि अधिक तपशिलासाठी शेवटी लिंक जोडावी. उत्तर न देता नुसती लिंक टाकणाऱ्याला समूहचालक लवकरच बाहेर काढतात, आणि ते योग्यच आहे.

इन्स्टाग्रामवर कोकणकड्याच्या छायाचित्राला भरभरून पसंती मिळते, पण ती पसंती म्हणजे वाचक नव्हेत. छायाचित्राखाली लिहिलेली लिंक तिथे उघडत नाही; वाचकाला आपल्या प्रोफाइलवर जाऊन तिथून ब्लॉगवर यावे लागते, आणि एवढे कष्ट फार थोडे जण घेतात. प्रोफाइलमध्ये 2023 पासून पाच लिंक देता येतात, तर स्टोरीत लिंकचे स्टिकर 2021 पासून सर्वांना मिळते. स्टोरी 24 तासांनी जाते, म्हणून ती हायलाइटमध्ये जपून ठेवावी.

एक्सवर (पूर्वीचे ट्विटर) विनाशुल्क खात्याला 280 चिन्हांची मर्यादा आहे आणि कोणतीही लिंक 23 चिन्हे धरली जाते. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जात असल्याने ‘हरिश्चंद्रगड’ हा दिसायला सहा अक्षरांचा शब्द 12 चिन्हे खातो. यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओखालच्या वर्णनातली लिंक उघडते, शॉर्ट्सखालची 2023 च्या ऑगस्टअखेरीपासून उघडत नाही. पाककृती, विणकाम किंवा रांगोळी हा विषय असेल, तर पिंटरेस्टचा विचार जरूर करावा, कारण तिथले चित्र शोधातून कित्येक महिन्यांनीही सापडते आणि थेट ब्लॉगवर आणते.

आता प्रत्यक्ष तुलना. कोणतीही दोन-तीन माध्यमे निवडून चार आठवडे तोच लेख, त्याच दिवशी, प्रत्येक ठिकाणी द्यावा, पण प्रत्येक ठिकाणची लिंक वेगळी असावी. त्यासाठी लिंकच्या शेवटी यूटीएम खूण, म्हणजे वाचक कोणत्या माध्यमावरून आला हे सांगणारे काही शब्द, जोडतात. ती न जोडल्यास व्हॉट्सॲपवरून आलेले वाचक गूगल ॲनालिटिक्स या वाचक मोजणाऱ्या साधनात बहुधा ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेल्यांच्या, खात्यात पडतात, आणि सर्वाधिक वाचक देणारे माध्यम कागदावर निकामी ठरते. दर रविवारी एका वहीत तीन आकडे लिहावेत: किती जण आले, सरासरी किती वेळ थांबले, आणि किती जणांनी ईमेलने लेख मिळवण्यासाठी नाव नोंदवले. निर्णय तिसऱ्या आकड्यावर घ्यावा, कारण ती यादी आपली स्वतःची असते आणि एखाद्या माध्यमाने नियम बदलले तरी ती आपल्याकडेच राहते. चार आठवड्यांनंतर त्यातली दोनच माध्यमे चालू ठेवावीत. उरलेल्या ठिकाणचे खाते बंद करण्याची गरज नाही. तिथे ब्लॉगचा पत्ता आणि नवे लेख कुठे मिळतील याची एक ओळ वरच ठेवून द्यावी.