लहान मुलासारखं व्हायचं म्हणजे नक्की करायचं काय

'लहान मुलांसारखे व्हा' हे येशूचं वाक्य आपण मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, इतक्यांदा ऐकलंय की ते नुसतं गोड वाटतं. पण बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 18 वा अध्याय सुरुवातीपासून वाचा. शिष्य विचारतायत स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, आणि येशू एका मुलाला बोलावून सगळ्यांच्या मधोमध उभं करतो, त्या काळी ज्याच्या शब्दाला चारचौघांत किंमत नव्हती अशाला. आणि मुलासारखं होण्याआधी तो वळायला सांगतो, म्हणजे चाललोय ती वाट सोडून मागे फिरा.

तर आधी आपली मोठेपणाची जागा शोधा. कोणाची पुढच्या बाकावर असते, कोणाची फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, प्रेझिदेंतपदात. माझी मिस्सेतल्या बायबल वाचनात होती, रविवारचं पहिलं वाचन दुसऱ्याला गेलं की मला घरी जेवण गोड लागायचं नाही. शेवटी फादरना सांगून सहा महिने मागे बसलो, फक्त ऐकायला, पहिले दोन महिने नुसता राग आला आणि मग हळूहळू शब्द आत जायला लागले. हे खरंच करून बघा, नुसता विचार करून होत नाही.

मग मागायला शिका. मूल भूक लागली की मागतं, लाजत नाही. रोज कोणाकडे तरी एक मदत मागा. माफी मागताना 'पण' आणू नका, 'सॉरी, पण तू पण' म्हटलं की संपलं. कुमसाराला, म्हणजे फादरसमोर पापं कबूल करतानाही, आपलंच पाप सांगायचं, सासूचं नाही, दोन मिनिटांत होतं.

आपल्या गोव्यातल्या बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ आठवा. शिकलेले पाद्री, पण 1687 मध्ये श्रीलंकेत, कॅथलिकांवर बंदी घातलेल्या डचांच्या ताब्यातल्या जाफन्यात मजुराच्या वेशात उतरले आणि गळ्यात रोझरी (जपमाळ) घालून दारोदार भीक मागत फिरले, रोझरी बघून कोण ओळख देतं त्यावरून कॅथलिक घरं शोधायची म्हणून. 2015 मध्ये त्यांना संतपद मिळालं तेव्हा मला हा वेशच आठवत होता.

एक मात्र सांभाळा, मुलासारखं म्हणजे पोरकट नाही. दुष्टपणात बाळं व्हा पण समजुतीत प्रौढ, असं संत पौल बायबलमधल्या पत्रात करिंथकरांना लिहितो (1 करिंथ 14:20). कोणी फसवत असेल तर गप्प बसणं ही नम्रता नव्हे.

रात्री लांब प्रार्थना जमत नसेल तर फक्त 'अब्बा', म्हणजे बाबा, म्हणा, अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूने हीच हाक मारली होती, आणि दिवसभरात कुठे कुठे मोठेपणा केला ते एकेक सांगत जा. मधेच झोप लागली तरी चालेल.